विचारा डॉक्टरांना : दुर्बिणीच्या ऑपरेशनात किडनीवर दाब येतो म्हणजे काय

मागच्या अंकात उन्हाळा आणि मुतखडा यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर जे मेसेज आले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर येणारा ताप, किडनीवर येणारा दाब आणि तो कमी करायची औषधं. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. कोणाचंही नाव छापत नाही, फक्त तालुका देतोय.

वरूड तालुक्यातून : सर नमस्कार. माह्या बाबाचं वय ६२, शुगर आहे. उजव्या किडनीत १४ एमएमचा खडा निघाला. नागपूरच्या डॉक्टरनं लघवीच्या रस्त्यानं दुर्बीण टाकून लेझरनं फोडू म्हणून सांगतलं, चिरा नाही टाका नाही. पण आमच्या गावातल्या एका काकाचं असंच ऑपरेशन झालं होतं, खडा निघाला पण त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला अन् चार दिवस आयसीयूत राहा लागलं. माह्या मामाचा पोरगा फार्मसी शिकते, तो म्हणते ऑपरेशनमधी पाण्याचा दाब किडनीवर येते त्याच्यानं असं होते, अन् परदेशात त्या पाण्यातच औषध टाकतात दाब कमी कराले. हे खरं हाये काय? आमी डॉक्टरले म्हणावं काय ते औषध टाका म्हणून? बाबा तर आता ऑपरेशनलेच नाई म्हणून राह्यले.

भाऊ, तुमच्या मामाच्या पोरानं खरं तेच सांगितलं, आणि ते तुम्ही विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या दाबाबद्दल पेशंटला सहसा कोणी सांगत नाही, खडा किती मोठा आणि खर्च किती एवढ्यावरच बोलणं संपतं.

आधी दाब येतो कुठून ते बघू. दुर्बीण म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाडीची लवचिक नळी, ती लघवीच्या जागेतून मूत्राशयात, तिथून वर युरेटरमध्ये म्हणजे किडनीपासून खाली येणाऱ्या बारीक नळीत, आणि तिथून किडनीत जाते. आत दिसायला पाणी सोडावंच लागतं, साधं सलाईनचंच पाणी, कारण लेझर चालू झालं की खड्याचा भुगा उडतो, थोडं रक्त येतं, आणि पाणी वाहतं नसेल तर दोन मिनिटांत सगळं गढूळ होऊन डॉक्टरला काही दिसत नाही. म्हणजे पाणी आत जात राहणार हे ठरलेलं. प्रश्न बाहेर यायचा आहे. बाहेर यायला जागा कोणती, तर दुर्बिणीच्या अवतीभवती नळीत जी फट उरते तेवढीच. तुमचा तर संत्र्याचा पट्टा, ठिबक घरोघरी आहे, मोटर चालू ठेवली आणि पुढचे वॉल बंद राहिले तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, कुठंतरी लॅटरल निसटते किंवा जोड फुटतो. किडनीत जोड फुटत नाही पण पाणी दुसरा रस्ता शोधतं. किडनीचा आतला भाग स्पंजासारखा आहे आणि त्याला लागूनच रक्ताच्या बारीक शिरा आहेत, दाब वाढला की लघवी मिसळलेलं ते पाणी उलटं त्या शिरांत घुसतं.

आता आकडे. आपण बीपी मोजतो त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये हा दाबही मोजतात. एरवी किडनीच्या पोकळीत तो १० च्या आसपास असतो. ३० ते ४० च्या वर गेला की पाणी उलटं रक्तात जायला लागतं असं साधारण मानलं जातं. आणि दुर्बीण आत असताना, विशेषतः कोणी हातानं सिरिंज किंवा पंप दाबून पाणी सोडत असेल तर, हा दाब १०० च्या वर सहज जातो, काही क्षण ३०० च्याही वर गेल्याची नोंद आहे. नुसती बाटली स्टँडवर टांगली तरी उंचीचा हिशोब लागतो, ६० सेंटिमीटर उंचीवर टांगली तर जास्तीत जास्त ४४, एक मीटरवर टांगली तर ७४. म्हणून बाटली किती उंच टांगली हा बारीकसा प्रश्न नाही.

नुसतं सलाईन रक्तात गेलं असतं तर एवढी भीती नव्हती. पण बऱ्याच खड्यांच्या पोटात जंतू दडलेले असतात, वरून लघवीचा रिपोर्ट साफ आला तरीही. लेझरनं खडा फुटला की ते सुटतात, आणि त्याच वेळी दाब वाढलेला असेल तर ते सरळ रक्तात. तुमच्या गावातल्या काकांना त्या रात्री जी हुडहुडी भरली ती बहुतेक अशीच आलेली असणार.

मी शिकत होतो तेव्हा हे आम्हाला एवढं माहीत नव्हतं, दिसत नसलं की सलाईनची बाटली दाबायला सांगायचो, जोरात दाब म्हणायचो, आणि खडा निघाला की खूश व्हायचो. एकदा एका शेतमजूर बाईंचं ऑपरेशन छान झालं, रात्री अकराला सिस्टरचा फोन आला की दात वाजवत थरथर कापतायत, बीपी ७० वर आलंय. रात्रभर आम्ही बसून होतो. त्या वाचल्या, सकाळी त्यांच्या मुलीनं मला डब्यातली भाकर दिली. त्या दिवसापासून माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये बाटली हातानं दाबायची नाही हा नियम आहे.

आता औषधाचं. मामाचा पोरगा म्हणतोय ते औषध म्हणजे आयसोप्रिनालिन, त्यालाच आयसोप्रोटेरेनॉलही म्हणतात. हे मुळात हृदयाचं औषध, नाडी फार मंद झाली की शिरेतून देतात. पण युरेटरच्या आणि किडनीच्या पोकळीच्या भिंतीत जे स्नायू असतात त्यांनाही ते सैल करतं. हे महत्त्वाचं का, तर किडनी नुसती पिशवी नाही, पाणी जास्त झालं की ती स्वतः आवळून ते खाली ढकलायला बघते, आणि दुर्बीण मध्ये अडकलेली असताना ती आवळली की दाबाचे ते उंच झटके येतात. भिंत सैल असेल तर पोकळी थोडी पसरते, नळीही ढिली पडते, दुर्बिणीच्या बाजूनं पाणी निघून जातं. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी आधी डुकरांवर आणि मग पेशंटवर हे करून बघितलं, सलाईनच्या पाण्यात दर मिलीलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम एवढंच औषध टाकलं, म्हणजे तीन लिटरच्या पूर्ण पिशवीत मिळून एका मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही, आणि दाब आणि दाबाचे झटके दोन्ही कमी झाले, नाडी-बीपीवर दखल घ्यावी असा परिणाम दिसला नाही.

मग सगळीकडे का वापरत नाहीत? एक तर हे अभ्यास थोड्या पेशंटवरचे आहेत. दाब कमी होतो हे चांगलं दिसलंय, पण दाब कमी झाला म्हणून इतक्या लोकांचा ताप टळला, इतके आयसीयूत जायचे वाचले, हे दाखवायला खूप मोठा अभ्यास लागतो. दुसरं, औषधाच्या लेबलवर हा वापर लिहिलेला नाही, त्यामुळे रोजच्या पद्धतीत ते बसलेलं नाही. आणि तिसरं मला जास्त लागतं ते असं की हे हृदयाचं औषध आहे, दाब तरीही वाढलाच तर पाण्याबरोबर तेही रक्तात जाणार, आणि ज्याला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास आहे किंवा ठोके चुकतात त्याला ते मानवेलच असं नाही. बाबा ६२ चे, शुगरवाले, हृदय एकदा तपासलेलं बरं.

म्हणून ते औषध टाकाच असा हट्ट धरू नका. त्याऐवजी डॉक्टरांसमोर बसून सरळ विचारा की साहेब, किडनीवर दाब वाढू नये म्हणून तुम्ही काय करता. चांगला डॉक्टर या प्रश्नाला चिडत नाही. तो तुम्हाला शीथबद्दल सांगेल, म्हणजे युरेटरमध्ये आधी एक पोकळ नळी बसवतात आणि तिच्यातून दुर्बीण नेतात, नेहमीच्या मापाची घेतली तर आतून चार मिलिमीटर रुंद, दुर्बिणीच्या भोवती पाण्याला परतायला पक्का रस्ता मिळतो, दाब कमी ठेवायला आज हातात असलेलं सगळ्यात भरवशाचं साधन हेच. आता तर ओढून घेणारी, सक्शनवाली शीथही आली आहे, भुगा आणि पाणी दोन्ही खेचते. टोकाला दाब मोजायचा सेन्सर असलेली दुर्बीणही निघाली आहे पण ती महाग, सगळीकडे नाही, तिच्यासाठी अडून बसू नका. ऑपरेशन शक्यतो दीड तासाच्या आत संपवावं, खडा उरला तर पुन्हा यावं.

आणि सगळ्यात आधी लघवीचं कल्चर. नुसती साधी लघवी तपासणी नाही, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणते ते बघायची तपासणी. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, वरूडवरून नागपूरला दोन चकरा होतात, लोक कंटाळतात आणि म्हणतात डॉक्टरसाहेब आजच करून टाका. करू नका असं. जंतू निघाले तर त्यांना लागू पडणारं अँटिबायोटिक आधी काही दिवस घेऊन मगच टेबलवर जायचं. शुगरवाल्याला तर हे दुप्पट लागू. सॅम्पल देताना पहिली थोडी धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या.

बाबांना सांगा, काकांना जे झालं ते बघून घाबरणं साहजिक आहे, पण १४ एमएमचा खडा आपोआप पडत नसतो आणि तसाच ठेवला तर ती किडनी हळूहळू जाऊ शकते. शुगर ताब्यात आणा, कल्चर करा, आणि करून घ्या.

दर्यापूर तालुक्यातून, एक ताई : डॉक्टर, माझ्या युरेटरमध्ये खडा आहे, दुर्बिणीनं काढायचं ठरलंय पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांनी आतापासून रात्री एक गोळी घ्यायला सांगितली, टॅमसुलोसिन. मेडिकलवाल्या दादानं गोळी देताना विचारलं घरात प्रोस्टेटचा पेशंट कोण आहे, मी म्हटलं माझीच आहे, तर तो हसला आणि म्हणाला ही तर बुढ्या माणसांची गोळी आहे, चुकून लिहिली असेल. आता सासूबाई म्हणतात घेऊच नको. काय करू?

ताई, घ्या. चुकून लिहिलेली नाही.

ही गोळी प्रोस्टेटसाठी प्रसिद्ध झाली म्हणून मेडिकलवाल्यांच्या डोक्यात तीच ओळख बसली, पण ती काम करते ती नळीच्या स्नायूवर, आणि युरेटर बाईला आणि बाप्याला सारखाच असतो. युरेटरच्या खालच्या भागात विशेष करून असे अल्फा रिसेप्टर म्हणजे आवळायचे बटण समजा, ते भरपूर असतात, ही गोळी ते बटण दाबू देत नाही, नळी सैल राहते. खडा छोटा असला तर कधी कधी तो या गोळीवर आपोआप खाली सरकून पडतो, विशेषतः पाच एमएमच्या वरचा पण दहाच्या आतला आणि खालच्या भागातला असेल तर. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर दिली तर नळी ढिली राहते, दुर्बीण आणि शीथ कमी जोरानं आत जाते, नळीला आतून खरचटायची भीती कमी होते. आणि शीथ नीट बसली की दाबही कमी, ते वर सांगितलंच. म्हणजे किडनीचा दाब कमी करायचं औषध म्हणून जे लोक परदेशातलं काही शोधतायत त्यांच्या हातात ही साधी गोळी आधीच आहे. काही डॉक्टर टॅमसुलोसिनऐवजी सायलोडोसिन देतात, त्याच जातीची, नळीवर थोडी जास्त नेमकी. दोन्ही चालतात.

सांभाळायचं काय ते सांगतो. या गोळीनं बीपी थोडं उतरतं, रात्री जेवणानंतर घ्या आणि पहाटे लघवीला उठाल तेव्हा एकदम उभ्या राहू नका, खाटेवर दोन मिनिटं बसा, मग उठा. सध्याच्या ४४-४५ डिग्रीत दिवसभर निंदणाला गेलात, पाणी कमी प्यालात आणि वर ही गोळी, तर चक्कर येऊन बांधावर पडायची वेळ येते, एकदोन बायकांच्या बाबतीत मी बघितलंय, म्हणून तेवढा आठवडा उन्हातलं काम टाळा. आधीच बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पोटात बाळ असेल किंवा शक्यता असेल तर तेही आधी सांगा.

सायलोडोसिन घेणाऱ्या पुरुषांसाठी एक वेगळं. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येत नाही किंवा फार कमी येतं, नवं लग्न झालेली पोरं घाबरून येतात, काही तर कोणाला न सांगता गोळी फेकून देतात. गोळी बंद केली की ते पूर्ववत होतं, नुकसान काही नाही.

आणि अजून एक, ज्याला कोणी विचारत नाही. ज्या आजोबा-आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, शिबिरात असो की दवाखान्यात, त्यांनी टॅमसुलोसिन घेतो किंवा आधी कधी घेतली होती हे डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. या गोळीनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी तो फडफडतो, डॉक्टरला आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात. गोळीचं रिकामं पाकीट शिबिरात सोबत न्या, नाव सांगता नाही आलं तरी चालतं.

आर्णी तालुक्यातून : साहेब, माझा राग आहे. बायकोच्या किडनीतल्या एका खड्यासाठी दोनदा टेबलवर घेतलं. पहिल्यांदा गेलो तर म्हणे नळी अरुंद आहे, नुसती स्टेंट टाकून परत पाठवलं, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. दोनदा भूल, दोनदा गाडीभाडं, सोयाबीनचे सगळे पैसे त्यात गेले. पैसे उकळायचे धंदे आहेत हे. अन् ती स्टेंट टाकल्यापासून लघवी करताना पाठीत कळ येते ती वेगळीच.

तुमचा राग समजतो. सोयाबीन विकून ऑपरेशन करणं काय असतं हे मी याच भागात राहून रोज बघतो. पण या एका बाबतीत मी त्या डॉक्टरच्या बाजूनं बोलणार आहे.

नळी अरुंद निघाली तेव्हा डॉक्टरसमोर दोन रस्ते होते. एक, जोर लावून आत घुसायचं, एकाच वेळी सगळं उरकायचं, तुम्हाला आनंदात घरी पाठवायचं. त्यात युरेटर फाटायची भीती, आणि फाटलं नाही तरी दुर्बीण नळीत इतकी घट्ट बसते की पाण्याला परतायला जागाच राहत नाही आणि दाब थेट वर चढतो. दुसरा, एक स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक पोकळ नळी, ठेवून परत यायचं. ही डीजे स्टेंट आठवडा-दोन आठवडे आत राहिली की युरेटर तिच्याभोवती आपोआप रुंद होतो, दुसऱ्या वेळी शीथ सहज जाते. त्यानं दुसरा रस्ता घेतला. अर्ध्यातून परत फिरायला धीर लागतो भाऊ, आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या खायची तयारीही लागते. त्यानं चुकलं असेल तर इथं की नळी अरुंद निघाली तर दोनदा यावं लागेल, खर्च असा वाढेल, हे ऑपरेशनच्या आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नसेल तर तुमची तक्रार खरी आहे.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांची पॅकेजेस आहेत. दवाखाना योजनेच्या यादीत हवा, आणि भरती व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं, पैसे भरून झाल्यावर नाही. नागपूरचं सुपर स्पेशालिटी, सावंगी मेघेचं रुग्णालय, अशा ठिकाणी युरोलॉजीचे डॉक्टर आहेत.

आता त्या कळेबद्दल. स्टेंटमुळे मूत्राशय आणि किडनी यांच्यातला रस्ता कायम उघडा राहतो. लघवी करताना मूत्राशय आवळतं, त्याचा दाब त्या नळीतून उलटा वर किडनीत जातो, म्हणून पाठीत कळ येते. बिघडलं काही नाही. यावरही तीच टॅमसुलोसिन कामाला येते, खालचं तोंड सैल राहतं, कळ कमी होते. लघवी दाबून ठेवू नका, दर दोन-तीन तासांनी जाऊ द्या, आणि करताना जोर लावू नका म्हणा. लघवी थोडी लालसर होईल, शेतात जास्त चाललं तर आणखी होईल, पाणी वाढवलं की कमी होते.

आणि हात जोडून सांगतो, ती स्टेंट काढायची तारीख विसरू नका. त्रास थांबला की लोक विसरतात, कापूस वेचणीला लागतात, मग लग्नसराई, मग पेरणी. तीन-तीन वर्षं राहिलेल्या नळ्या मी काढल्यात, वर दगडाचा थर चढलेला असतो, एका खड्यासाठी आलेला माणूस तीन ऑपरेशन करून जातो, एकाची तर किडनीच काढावी लागली. घराच्या भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्यावर लाल पेनानं गोल करा.

तेल्हारा तालुक्यातून : मले सहा महिन्यांपासून खड्याचा त्रास हाये. दुखलं की गावातले डॉक्टर डायक्लोची सुई देतात, अर्ध्या तासात बरं वाटते. मंग ऑपरेशन कशाले करावं? अन् आमचं तर खारपाणपट्ट्यातलं पाणी, खडे होनारच.

दादा, ती सुई नेमकं काय करते ते कळलं की तुम्हीच ठरवाल. खडा नळीत अडकला की वर लघवी साचते, किडनीतला दाब वाढतो, ती कळ म्हणजे तो दाब. डायक्लोफिनॅक किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह थोडा आवळतं, लघवी कमी तयार होते, दाब उतरतो, कळ थांबते. म्हणजे आज आपण ज्याबद्दल बोलतोय ते दाब उतरवायचं औषध तुम्ही सहा महिन्यांपासून घेताच आहात! पण खडा तिथंच आहे. आणि ज्या किडनीचा रक्तपुरवठा सुई कमी करते तीच किडनी आधीच गुदमरलेली आहे, त्यात उन्हातान्हात अंगातलं पाणी आटलेलं, तर वारंवारच्या सुयांनी किडनीला कायमची इजा होऊ शकते. कळेला एखादी सुई ठीक, सहा महिने चालवायची गोष्ट नाही. सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी तपासणी, या आठवड्यात करून घ्या. आणि कळ आपोआप थांबली म्हणून निर्धास्त होऊ नका, बरेचदा अडलेली किडनी थकून लघवी बनवणंच कमी करते म्हणून दुखणं थांबतं, खडा गेला म्हणून नाही.

पाण्याचं म्हणाल तर खारपाणपट्ट्यातलं विहीर-बोअरचं पाणी खारट आहे हे खरंच, आणि खारट लागतं म्हणून माणसं कमी पितात हे त्याहून वाईट. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, मग उन्हाळ्यात त्यासाठी चार-पाच लिटर प्यावं लागलं तरी प्या, नळाचं किंवा फिल्टरचं मिळालं तर उत्तम. लघवीचा रंग फिकट, पाण्यासारखा राहिला की समजा पुरतंय.

काटोल तालुक्यातून : पानफुटीचा रस अन् हुलग्याचा काढा घेतला तर किडनीवरचा दाब कमी होते काय?

नाही. हुलगे खा, चांगले आहेत, पाणी पोटात जातं तेवढा फायदा. अडलेला खडा आणि त्याच्या मागचा दाब त्यानं सुटत नाही, आणि रस पिऊन वाट बघण्यात महिने जातात ते महागात पडतं.

धारणी तालुक्यातून, आशा वर्कर : आमच्या गावातल्या एकाचं अमरावतीला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, दोन दिवसांनी सुट्टी झाली, तिसऱ्या दिवशी अंग कापायला लागलं. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, रात्री परत चढला. मी म्हटलं दवाखान्यात न्या तर म्हणे हवामान बदललं त्याचं आहे. नशिबानं दुसऱ्या दिवशी नेलं अन् वाचला. अशा वेळी मी काय पाहावं, कसं ओळखावं?

ताई, तुम्ही ओळखलंच होतं, तुमचं त्यांनी ऐकलं नाही एवढंच. पण तुमच्यासारख्या गावात असणाऱ्या माणसासाठी हे नीट लिहून ठेवतो, कारण मेळघाटातून अमरावती म्हणजे घाट उतरून तीन-चार तास, आणि इथं तास महत्त्वाचे असतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर किंवा नळीत खडा अडकलेला असताना १००.४ च्या वर ताप आणि सोबत हुडहुडी, एवढं पुरे आहे, बाकी कशाची वाट बघायची नाही. पॅरासिटामॉलनं ताप उतरला तरी जंतू रक्तात तसेच असतात, उलट सगळ्यांना वाटतं बरं झालं. त्यात लघवी कमी झाली असेल, श्वास जोरात चालत असेल, नाडी पळत असेल, हातपाय गार पडले असतील, माणूस गुंगीत बोलत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर मग एक मिनिटही नाही. म्हाताऱ्या आणि शुगरवाल्या माणसांत कधी कधी तापच येत नाही, नुसतं सुस्त पडून राहतात, ते जास्त धोक्याचं.

अशा वेळी शिरेतून अँटिबायोटिक लगेच लागतं, ते जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातही सुरू होऊ शकतं, मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. आणि नळी अडलेली असेल तर स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून साचलेली लघवी काढावीच लागते. हे सगळ्यांनी ऐका, अडलेल्या आणि पू झालेल्या किडनीचा दाब गोळीनं, सुईनं, पाण्यात टाकायच्या कोणत्याही औषधानं उतरत नाही, तिथं वाट मोकळी करणं हाच उपाय, आणि खडा त्या दिवशी फोडायचा नसतो, तो ताप पूर्ण गेल्यावर.

१०८ ला फोन लावा. डिस्चार्ज कार्ड गादीखाली, ट्रंकेत जिथं असेल तिथून काढून पेशंटच्या खिशात घाला. आणि गाडीतल्या डॉक्टरला, तिथं पोहोचल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला, पहिलं वाक्य हेच सांगायचं की अमुक तारखेला मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय, आत नळी आहे, आणि हुडहुडी भरून ताप आलाय.